दुसऱ्याची नाही हमी

परवा पोळ्याला माझा नातू वेशीवरून घरी आला तो झडती म्हणतच आला. झडती म्हणजे पोळ्याच्या तोरणाखाली, बैल रांगेत उभे असताना, एकमेकांना टोमणे मारत ओरडून म्हणायचं दोन-चार ओळींचं गाणं. आमच्या वऱ्हाडात त्याशिवाय पोळा फुटत नाही. पोरगं अंगणात एक पाय ओढत गोल फिरत होतं आणि घसा ताणून म्हणत होतं:

देवाघरचा शिंपी चुकला, कापड पडलं कमी,
एक पाय शिवला पुरा, दुसऱ्याची नाही हमी!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

मी विचारलं, ही कोणी केली रे? तर म्हणतो, "कोनी नाही केली आजी. जुनीच हाय."

माझं डोकंच फिरलं. कोणी नाही केली म्हणे. आभाळातून पडली! गावाचं हे असंच असतं. माणसाजवळची वस्तू ठेवून घेतं आणि माणसाला विसरतं. ती झडती सुकदेव शिंप्यानं केली. आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर होतं. ती केल्याचा जन्मभर त्याला पस्तावा झाला, हे मला माहीत आहे आणि आता मी सोडून कोणालाच माहीत नाही. तेव्हा सांगून टाकते. कोणाला राग आला तर येवो, या वयात मला कोणाची भीड आहे?

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा महाराष्ट्र नवा नवा झाला होता. माझं माहेर मलकापूरचं, स्टेशनजवळचं. रात्रंदिवस गाड्यांचा आवाज ऐकत मोठी झालेली मी. इथं आले तर सगळीकडे चिडीचूप, आणि त्या चिडीचुपीत पलीकडच्या घरातून एक कटकट कटकट आवाज. सासूबाई म्हणाल्या, "तो लंगडा सुकदेव हाय. मशीन चालवते." सगळं गाव त्याला लंगडा सुकदेवच म्हणायचं. दुसरा सुकदेव गावात नव्हता, तरीही.

अंगानं तो धिप्पाड होता. हातमशीनचा दांडा फिरवून फिरवून दंड पहिलवानासारखे झालेले. लहानपणी कसलासा ताप आला आणि डावा पाय गुडघ्याखाली वाळत गेला, तो तसाच राहिला. पोत्यावर बसला की तो पाय मांडीखाली असा घालून ठेवायचा, जसा शिंपी उरलेल्या कापडाचा तुकडा घालून ठेवतो. गळ्यात फीत, कानावर खडू आणि तोंडात टाचण्या. त्यामुळे तो दात न उघडता बोलायचा, आणि जे बोलायचा ते टाचणीसारखंच असायचं.

गोड माणूस मुळीच नव्हता हो तो. व्यक्ती गेली की तिला साखरेत घोळवायची पद्धत आहे, ती मी पाळणार नाही. कापड घेऊन आलेल्या बाईला तो तोंडावर सांगायचा की यात तुमचं पोलकं होत नाही, तुमच्या पोरीचं होईल. कोणी "अरेरे" म्हटलेलं त्याला खपत नसे. एकदा मोताळ्याच्या बसमध्ये एका भल्या माणसानं उठून त्याला जागा देऊ केली, तर हा म्हणाला, "बसा तुम्ही. मी पायानं लंगडा हाव, बुडानं नाही." आमचे हे त्याच बसमध्ये होते. घरी येऊन सांगताना हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काही तितकं हसू आलं नाही. उभ्यानं मोताळ्यापर्यंत जाताना त्या माणसाचे काय हाल झाले असतील, ते मला दिसत होतं.

त्याच्या हातची खरी चीज म्हणजे झुली. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालायची ती नक्षीदार झूल. पंचक्रोशीतले अर्धे बैल त्याच्या झुली घालून मिरवत. मखमल, आरसे, गोंडे, किनारीला रंगीत दोऱ्याची वेल. माप घ्यायला तो स्वतः गोठ्यात जायचा, काठी टेकत. आणि बैलाच्या अंगावर फीत फिरवताना त्याला सगळं दिसायचं, कोणाच्या मानेवर जू घासून मांस उघडं पडलंय, कोणाच्या पाठीवर पराणीच्या टोचणीचे व्रण आहेत. मालक हळूच सांगायचा, "सुकदेव, इकडून जराशी लांब घे." म्हणजे व्रण झाकला जाईल. हा लांब घ्यायचा. पण घरी येऊन भिंतीपलीकडून मला ऐकवायचा, आज कोणाचं काय झाकून आलो ते. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे या गावाचं ब्रीद आहे, असं तेव्हापासून मी म्हणते.

मी सातवी शिकलेली. गावातल्या सुनांत तेव्हा तेवढंच फार होतं. त्यामुळे त्यानं मला परस्पर परीक्षक नेमलं होतं. मी अंगणात तांदूळ निवडत बसलेली असायची, आणि पलीकडे मशीन थांबायचं. मशीन थांबलं की मी ओळखायची. "वयनी, हे बसते का पाहा." आणि झडती म्हणायचा. कुठं एखादी मात्रा जास्त झाली की मी सांगायची. मग परत कटकट सुरू व्हायची आणि त्या तालावर तो ओळ घासून घासून बसवायचा.

पायावरच्या झडत्या त्यानं अगदी पोरवयात केल्या होत्या. पोरं चिडवायची, मागून लंगडत यायची. तर यानं ठरवलं की त्यांच्याआधी आपणच बोलावं, म्हणजे त्यांच्या हाती काही उरणार नाही. पहिल्यांदा पोळ्यात उभा राहून म्हणाला:

चार पाय बैलाले, दोन पाय मानसाले,
दीड पाय घेऊन आलो मी देवाच्या तोरनाले!

गाव नुसतं फुटलं म्हणे हसून. पाटलानं फेटा उडवला. दुसऱ्या वर्षी ती देवाघरच्या शिंप्याची. मग दर पोळ्याला हाक यायची, "सुकदेव, पायाची म्हन!" आणि याला वाटलं आपण जिंकलो. मला तो एकदा म्हणाला होता, "वयनी, मले वाटलं मी त्यायच्या हातची काठी हिसकून घेतली. तसं नव्हतं. मी त्यायले चांगली काठी तासून देल्ली."

त्याचं लग्न झालं नाही, त्याचीही एक गोष्ट आहे. दुसरबीडकडची एक मुलगी सांगून आली होती. लांबचा पल्ला, दोन बसगाड्या बदलून गेले, हा, त्याची आई सरूबाई आणि आमचे हे. मध्यस्थानं आधीच सगळं जमवून ठेवलं होतं. बैठकीत नवरदेवाला अगोदर नेऊन बसवायचं, पायावर उपरणं टाकायचं, आणि मग मुलीकडच्यांना आत बोलवायचं. पाहणं झालं की ते आधी उठतील, हा मागून. नंतर कळलं तरी तोवर साखर वाटून झालेली असेल. अशी लग्नं कितीतरी झालीत, आणि त्यांत फसवलं गेल्याची बोंब पोरीनंच आयुष्यभर मनातल्या मनात मारायची असते.

हा बसला खरा. मुलगी पोहे घेऊन आली. तिनं बशी समोर ठेवली, तसा हा काठी घेऊन उठला आणि सबंध बैठक या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवली. परत आला, बसला, आणि पोहे खाल्ले. मुलीच्या बापानं हात जोडले. येताना बसमध्ये सरूबाई पदर तोंडाला लावून रडत होती. आमचे हे चिडले, काऊन केलं असं म्हणून. तर म्हणाला, "झूल घालून बैल इकायचा नसते."

त्यानंतर त्याला दुसरी सांगून आलीच नाही.

आता सरकारी मशीनचं ऐका. तालुक्याच्या कचेरीतून अपंगांना साहाय्य म्हणून शिलाई मशीन द्यायचं निघालं. आमच्या गावातून सुकदेवचं नाव गेलं. जीप आली, साहेब आला, सोबत फोटोवाला. पाराजवळ टेबल मांडलं, नारळ फुटला, कापड दूर केलं. पाहतो तर पायानं चालवायचं मशीन. लंगड्या शिंप्याला पायमशीन! कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही, वरपासून खालपर्यंत कोणाच्याही. पाटील टाळ्या वाजवत होते. फोटोवाला सुकदेवला म्हणाला, बसा त्याच्यासमोर आणि खाली पाय ठेवा. पाय ठेवा, पाय ठेवा, असं दोन-तीनदा झालं.

सुकदेवनं साहेबाकडे पाहून विचारलं, "साहेब, कोनता ठेवू?"

साहेब घड्याळ पाहत म्हणाला, "कोणताही ठेवा हो. फोटोत काय कळतंय?"

त्यानं उजवा ठेवला. फोटो निघाला, जीप गेली. ते मशीन पुढं कितीतरी वर्षं कोपऱ्यात पडून होतं. सरूबाई त्याच्या फळीवर पापड वाळत घालायची. आणि हा पोत्यावर बसून हाताचा दांडा फिरवत राहिला.

हे झाल्यावर त्याच्या मनात काहीतरी पक्कं झालं असावं. त्या वर्षी श्रावणात त्यानं मला सांगितलं की या पोळ्याला पायाची म्हणणार नाही. पायाशिवायची म्हणायची. "वयनी, मी येवढा मोठा मानूस, अन् झडतीत माहा पायच काऊन येते? माहे हात हायत, डोकं हाय, जीभ हाय." मी म्हटलं, म्हणा की. मला तेव्हा कुठं ठाऊक होतं की एवढी साधी गोष्ट मागणं म्हणजे गावाकडं चंद्र मागणं आहे.

पोळ्याच्या दिवशी वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. बैल जोडीजोडीनं उभे राहिले, सगळ्यांत पुढं दौलतराव पाटलाची मानाची जोडी. आम्ही बायका मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर. बैल ज्याच्याकडे नाही तो रांगेत उभा राहत नाही, म्हणून सुकदेव नेहमीप्रमाणे बाजूला पाराच्या दगडावर. झडत्या झाल्या चार-पाच, आणि हाक आली, "सुकदेव, पायाची म्हन!" तो उठला. काठीवर भार देऊन सरळ उभा राहिला आणि खड्या आवाजात म्हणाला:

झूल शिवली मखमलीची, आरसे लावले साठ,
झूल उचलून पाहा कोनी, सोललेली पाठ!

कोणी हसलं नाही. कोणी "हर हर महादेव" म्हटलं नाही. झडतीत टोमणा मारायचाच असतो. पाटलालासुद्धा मारतात आणि पाटील मिशीतल्या मिशीत हसतो. पण टोमणा कोणी मारायचा, हेही ठरलेलं असतं. पाटलांनी आपल्या बैलाच्या झुलीवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "ज्याच्या हाती कासरा, त्याची झडती. तुह्या हाती कासरा हाय का सुकदेव? नाही न? मंग बैलाचं नको बोलू. तू तुही पायाची म्हन."

आणि मागून सगळे सुरू झाले, पायाची म्हन, पायाची म्हन. आमचे हेसुद्धा. मी ओट्यावरून त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मान खाली घालून बैलाच्या गोंड्याशी चाळा करायला लागले. शेवटी सुकदेवनं देवाघरच्या शिंप्याची म्हटली. हशा झाला, पोळा फुटला. काय करणार होता तो? त्या गर्दीतून काठी टेकत पळता येतं का कोणाला?

पण कासऱ्याचा तो शब्द त्यानं गाठीला बांधून ठेवला.

पुढं दिवाळीनंतर पाटलाचा चांद्या बैल विहिरीवरच्या दगडांत घसरला आणि पुढचा पाय मोडला. हाड जुळलं ते वाकडं. खाटकाला विकला तर गावात नाव जाणार, आणि ठेवला तर फुकटचा चारा. पारावर गोष्ट निघाली तेव्हा पाटील सुकदेवकडे बोट करून म्हणाले, "देऊन टाकतो याले. लंगड्याले लंगडा." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो सुकदेव दोरी घेऊन पाटलाच्या फाटकाशी उभा. चार लोकांत दिलेला शब्द, मागं कसा घेणार? चांद्या सुकदेवच्या दारात आला.

त्या बैलाचं त्यानं काय काय केलं ते मी भिंतीवरून रोज पाहत होते. तेल लावून पाय चोळायचा. पोटाला चिमटा घेऊन सरकी आणायचा. सरूबाई बडबडायची की घरात दोन तोंडं होती ती तीन झाली, आणि स्वतःच्या भाकरीतली चतकोर बैलाला घालायची. चांद्या हळूहळू चालू लागला. वाकडाच, पण चालू लागला. संध्याकाळी दोघं नाल्यापर्यंत जाऊन यायचे. त्यांच्याकडे पाहून लोक काय बोलत ते मी लिहीत नाही, माझी लेखणी विटाळेल.

आणि झूल. वर्षभर इतरांची कामं संपवून तो तिच्यावर बसायचा. गडद निळी मखमल, आणि तिच्या किनारीला चौफेर त्यानं रंगीत दोऱ्यानं आमचा सगळा पोळा उभा केला होता. वेस, तोरण, आणि रांगेनं बैल. प्रत्येक बैल ओळखू येत होता, कारण त्यानं प्रत्येकाची ऐब जशीच्या तशी घेतली होती. आमच्या पवळ्याचं तुटकं शिंग, कोणाच्या बैलाचा फुटका डोळा, पाटलाच्या मानाच्या बैलाच्या मानेवर लाल दोऱ्याचे दोन टाके. बैलांचे मालकही होते, तेही तसेच, कोणी कुबडा, कोणी तिरळा, कोणी ढेरपोट्या. चेष्टा नव्हती हो त्यात. इतकं जपून काढलं होतं की मला माझ्याच घरच्या माणसांकडे पुन्हा पाहावंसं वाटलं. आणि झूल दोन्ही बाजूंनी सारखी नव्हती. चांद्याच्या वाकड्या पायाच्या बाजूला त्यानं ती खांद्यापर्यंत वर कापली होती, गोल, नीट, किनार लावून. तो पाय पूर्ण उघडा दिसावा म्हणून. मी म्हटलं, भाऊजी, लोक झाकतात. तर म्हणाला, "जिंदगीभर झाकत आलो लोकायचं. आता एक तरी उघडं राहू द्या."

खांदेमळणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे चोळतात तेव्हा, त्यानं मला नवी झडती ऐकवली:

साऱ्या गावाचे अंगरखे माह्या हातून गेले,
मोठे मोठे छातीवाले फितीत लहान झाले!

मी पोट धरून हसले. तो हसला नाही, फक्त त्याचे कान लाल झाले. त्यानं दोनदा विचारलं, "बसते न बराबर?" मी सांगितलं, एक मात्रा इकडची तिकडे नाही. इतका आनंद झालेला मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

पोळ्याला तालुक्याचा तो साहेब पाहुणा होता. उत्तम जोडीला आणि उत्तम झडतीला बक्षीस ठेवलं होतं. सगळे बैल उभे झाले आणि रांगेच्या शेवटी सुकदेव आला, हातात कासरा, शेजारी चांद्या, वाकड्या पायात घुंगराचा वाळा. रांगेत उभा राहिला. नियमानं आता त्याला कोणी काही म्हणू शकत नव्हतं.

आणि कोणी काही म्हटलंही नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. लोक आनंदानं वेडे झाले. लंगडा माणूस आणि लंगडा बैल! पाटील ओरडले, "जोडी आली, जोडी आली!" कोणी म्हणालं जू आणा रे, दोघायच्या मानेवर देऊ. साहेब हसत उठला, एक हार बैलाच्या गळ्यात घातला, एक सुकदेवच्या. झुलीवर हात फिरवून म्हणाला, "छान कलाकुसर आहे," आणि जाऊन खुर्चीत बसला. किनारीवर स्वतःचा बैल आहे, स्वतःचं तोंड आहे, हे कोणी वाकून पाहिलं नाही. इतरांच्या उंबऱ्यात वाकून पाहणारं ते गाव, त्या दिवशी कोणाची कंबर वाकली नाही.

सुकदेवनं हार काढून कासऱ्याच्या हातात घेतला. सगळे थांबेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "साऱ्या गावाचे अंगरखे माह्या हातून गेले..."

"एक नमन गौरा पार्वती!" मागून कोणीतरी ओरडलं. आणि सगळी वेस गरजली, "हर बोला हर हर महादेव!"

झडती पूर्ण झाल्यावर करायचा तो गजर त्यांनी पहिल्याच ओळीवर केला. मुद्दाम केला. सुकदेव थांबला. पुन्हा पहिली ओळ म्हणाला. पुन्हा तोच गजर, आणि मध्येच "पायाची म्हन!" तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं तेव्हा गजर इतका मोठा झाला की पुढच्यांना वाटलं सगळ्या झडत्या संपल्या. कोणीतरी तोरण तोडलं. तोरण तुटलं की पोळा फुटला. ढोल वाजले, बैल उधळले, माणसं पळाली, आणि ती दुसरी ओळ त्याच्या तोंडातच राहिली. बक्षीस मात्र त्यालाच मिळालं, गमतीची जोडी म्हणून.

पोळा फुटल्यावर बैल दारोदार नेतात आणि घरची बाई त्यांचे पाय धुऊन पुरणपोळी देते. चांद्याला पाहून दोन-तीन घरांनी दार ओढून घेतलं, सणासुदीला ऐबी जनावर दारात नको म्हणून. माझ्या सासूबाईही आतून म्हणाल्या, नंतर ये म्हनावं. मी ऐकलं नाही. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले आणि चांद्याचा तो वाकडा पाय आधी धुतला. सुकदेव म्हणाला, "त्याले पुरन द्या वयनी. मले नको." त्याचा आवाज साधाच होता, रोजच्यासारखा. मलाच रडू आवरेना, आणि सगळ्या गावाचा इतका संताप आला की त्या रात्री मी घरात कोणाला वाढलं नाही. घ्या म्हटलं हातानं.

त्यानंतर त्यानं झडती म्हटली नाही. भिंतीपलीकडचं मशीन थांबलं की मी कान द्यायची, पण तो दोरा ओवत असायचा. पोळ्याला लोक दाराशी येऊन हाका मारायचे, सुकदेव चाल, पायाची म्हन. तो टाचण्या तोंडात धरून मान हलवायचा. गाव म्हणालं, माजला. बक्षीस भेटलं तसा माजला. मग दौलतराव पाटलाच्या पुतण्यानं ती जागा घेतली. पोरगा उंचापुरा, आवाजाचा गोड. तो काठी घेऊन, पाय ओढत, सुकदेवच्याच झडत्या म्हणू लागला आणि लोकांना त्या अधिकच आवडू लागल्या. धडधाकट माणसानं लंगडून दाखवलं की हसायला मोकळं वाटत असेल.

चांद्या म्हातारा होऊन मेला. सरूबाई गेली. निळ्या झुलीचं सुकदेवनं काय केलं ते मला कितीतरी दिवस कळलं नाही.

शेवटच्या वर्षी त्याच्या छातीत पाणी झालं होतं. मलकापूरच्या डॉक्टरनं हात टेकले होते. मी दोन्ही वेळा कण्या शिजवून नेत असे. बाज दाराजवळ ओढून ठेवली होती, हवा लागावी म्हणून. पोळ्याच्या दिवशी दुपारून मी गेले तर तो उशाला एक निळी उशी घेऊन पडलेला. उशीच्या कडेला दोऱ्याचा एक बैल होता, तुटक्या शिंगाचा. आमचा पवळ्या. तेव्हा मला कळलं झुलीचं काय झालं ते.

बाहेर तोरण तुटलं. बैल गल्लीतून येऊ लागले, आणि त्यांच्यामागून तो पाटलाचा पुतण्या, काठी टेकत, लंगडत, भोवती ही गर्दी. सुकदेवच्या दारासमोरच त्याला जोर चढला. कापड पडलं कमी, दुसऱ्याची नाही हमी, आणि लोकांचा हशा. आत बाजेवर कोण पडलंय हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. मी दार लावायला उठले.

"राहू द्या," सुकदेव म्हणाला. कोपरावर उठून तो त्या पोराकडे टक लावून पाहत होता, गोठ्यात बैलाचं माप घेताना पाहायचा तसा. गर्दी पुढं गेली. मला वाटलं आता हा शिव्या देईल, किंवा रडेल.

"वयनी, पाय चुकला त्याचा."

मला कळेना. मी विचारलं, म्हणजे काय?

"उजवा ओढून राह्यला तो. माहा डावा हाय."

एवढं बोलून तो आडवा झाला. धाप लागली होती. थोड्या वेळानं त्यानं अंगावरची गोधडी डाव्या पायावरून बाजूला सारली आणि तो वाळलेला पाय हातानं उचलून उंबऱ्याच्या दिशेनं सरळ करून ठेवला. मी पुन्हा विचारलं, दार लावू का. तो नको म्हणाला. दिवे लागेपर्यंत गल्लीतून बैल जात होते, माणसं जात होती. मी तिथंच बसून होते. एकानंही आत पाहिलं नाही.